एका माणसाचं पाकीट

क्रेनमामांना एकट्यानं जेवता येत नसे. डबा उघडला की पहिल्या घासाआधी मान वर करून ते अख्ख्या कँटीनला हाक मारत, "या जेवायला!" आवाज असा, की पलीकडे प्रेसवर काम करणारा माणूस दचकावा. महाळुंग्याच्या त्या कंपनीत मी स्टोअरला नवी लागले होते. लातूरकडची, ओळखीचं कुणी नाही, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पोळीभाजी उरकायचे. तिसऱ्या दिवशी ती हाक थेट माझ्या पाठीवर आली. "ओ स्टोअरवाल्या ताई, भिंतीला काय जेवू घालताय? या जेवायला!" माझी खुर्ची त्यांच्या टेबलाशी गेली ती गेलीच.

मामा मूळचे महाळुंग्याचेच. शेडच्या छताखाली फिरणाऱ्या मोठ्या क्रेनच्या केबिनमध्ये त्यांनी निम्मं आयुष्य काढलं होतं. केबिनसमोर एक खिडकी होती. "तितनं आमचं घर दिसतं," ते सांगत. "तुमची मामी दारात कुणाशी बोलतीय, किती येळ बोलतीय, समदं कळतं." मामींना ही खिडकी मुळीच पसंत नव्हती.

आणि मग नवीन सेफ्टी ऑफिसर आले. शिडी चढताना पट्टे बांधायचे, म्हणजे हार्नेस घालायचा, असा नियम झाला. हार्नेसवर छापलेलं होतं, कमाल शंभर किलो. मामांना माझ्या स्टोअरच्या काट्यावर उभं केलं, जिथं आम्ही लोखंडी माल तोलायचो. एकशे आठ. तीन महिन्यांत शंभराच्या आत या, नाहीतर केबिन कायमची दुसऱ्याला. तोवर गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहा. मामा गेटवर बसले खरे, पण शेडमध्ये क्रेन हलली की लिहिता लिहिता त्यांची मान वर जायची आणि नंबर चुकायचे.

मामांच्या सूनबाईंनी मोबाइलवरून वजन उतरवायची पाकिटं मागवली. महिन्याचं खोकं, प्रत्येक पाकिटावर छापलेलं, दिवस तिसरा, नाष्टा. दिवस तिसरा, जेवण. गरम पाणी ओतायचं आणि तीन मिनिटं झाकायचं. आज रावेतच्या घरात माझ्याही ओट्यावर तसलीच पाकिटं आहेत, म्हणून सांगते, त्या चवीबद्दल मामा जे बोलत त्यात काडीची अतिशयोक्ती नव्हती. "ह्याला खिचडी म्हणत्यात? ही तर खिचडीची झेरॉक्स!" अकरा वाजताचे मूठभर मखाणे पाहून ते विचारत, "हे खायाचं का कपाळाला लावायचं?" सेकंड शिफ्टला ते दुपारी साडेतीनला नाष्टा करत, कारण हजेरी लागल्याशिवाय दिवस सुरू होतो हे त्यांना मान्य नव्हतं. सगळ्यात राग मात्र एका ओळीचा. "'एका माणसासाठी', असं छापताना लाज कशी वाटली न्हाई ह्यांना?"

महिन्यानं पुन्हा काट्यावर चढले. एकशे साडेनऊ!

"मामा, खरं सांगा, काय खाता?"

"पाकीट. छापलंय तेवढंच. मामीची आण."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नीट पाहिलं. मामांनी पाणी ओतलं, झाकलं, उघडलं आणि हाक दिली, "या जेवायला!" पाकिटाची चव काय असते म्हणून सगळे चमचे घेऊन धावले. एकेक चमच्यात पाकीट फस्त. आता ज्याचं खाल्लं त्याला उपाशी कसं ठेवायचं? कुणी भाकरी मोडून दिली, कुणी पिठलं वाढलं, वेल्डिंगच्या कोकणातल्या दादांनी माशाचं कालवण ओतलं. मामांनी एकालाही नाही म्हटलं नाही.

"दिल्यालं परत करायचं? आमच्यात तसलं काय न्हाई."

"मग हाक मारू नका."

मामांनी चमचा खाली ठेवला. "ताई, हाक न मारता घास उतरंल व्हय?"

तरी प्रयत्न केला बिचाऱ्यांनी. चार दिवस गेटच्या खोलीत दार लावून बसले, आणि चारही दिवस पाकीट न फोडता परत नेलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "जाऊ द्या ताई. गेट काय वाईट न्हाई." मला फार वाईट वाटलं. भिंतीकडे तोंड करून जेवणं काय असतं, ते त्या कँटीनमध्ये माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

मी सरळ खुर्चीवर चढले. "ऐका! मामांनी 'या जेवायला' म्हटलं की जागचं हलायचं नाही. आपल्या घरी म्हणतो तसं नुसतं म्हणायचं, 'होऊ द्या!'"

त्या दुपारी मामांनी भीत भीत हाक दिली. चाळीस माणसं एका सुरात गरजली, "होऊ द्याऽऽ!" टेबलावरचे पेले थरथरले, आचारी काय झालं म्हणून बाहेर आला. मामा हसून हसून लाल झाले आणि ती भिकार खिचडी त्यांनी चाटूनपुसून संपवली. मग हे रोजचंच झालं. मखाण्यालासुद्धा "होऊ द्याऽऽ!"

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात काटा नव्याण्णव पूर्णांक सहावर थांबला. मी नाचले, हे मी मान्य करते. मामा हार्नेस घालून शिडी चढले आणि वरून क्रेनचा भोंगा इतका वाजवला, की सेफ्टी ऑफिसरनी कानात बोटं घातली. थोड्या वेळानं वरून ओरडले, "ताई, मामी अजून त्याच बाईशी बोलतीय!"

पुढं दोन वर्षं ते शंभराच्या आत राहिले, पाकिटं आणि "होऊ द्या" यांच्या जोरावर. मग रिटायर झाले. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते खाली उतरले, हार्नेस माझ्या स्टोअरमध्ये जमा केला, त्याच्या पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला आणि पाकीट घेऊन कँटीनच्या दारात आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत चाळीस डबे उघडले, आणि आम्हीच हाक दिली, "या जेवायला, मामा!"

सवयीनं ते म्हणाले, "होऊ द्या." मग थांबले. हातातलं पाकीट न फोडताच आमच्या टेबलावर ठेवलं आणि बाक पुढं ओढला.

"वाढा," मामा म्हणाले. "आता कुठं वर चढायचंय?"