आठ आसनी जेटचा जामीनदार

फेब्रुवारीचा दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम दोन लाख रुपये. हजर: मी, माझी बायको, आमची मुलगी आणि सोनिवलीहून मुद्दाम आलेला मेव्हणा. जागा अंबरनाथ पूर्वेचं आमचं घर, जेवणाचं टेबल. टेबलावर चार पानी करारनामा होता आणि शेवटच्या पानावर ‘जामीनदार’ या शब्दापुढे रिकामी रेघ होती.

मुलगी विमान दुरुस्तीचा कोर्स करून वर्षभर घरी बसली होती. आता एका भाड्याने विमानं देणाऱ्या कंपनीने तिला शिकाऊ टेक्निशियन म्हणून घेतलं होतं. अट अशी की दोन वर्षं सोडायचं नाही. सोडलं तर दोन लाखांतून जितके महिने झाले तितका भाग वजा करून उरलेली रक्कम जामीनदाराने भरायची. कंपनीकडे एकाच जातीची तीन जेट विमानं. आठ आसनं, दोन वैमानिक. लहान गावच्या धावपट्टीवर कंपनीचा माणूस नसतो, म्हणून टेक्निशियन विमानातूनच जातो आणि परत येतो. ही गोष्ट तिने अगदी शेवटी, चहा ओतता ओतता सांगितली.

“म्हणजे तू पण उडणार?” मी विचारलं.

“आठवड्यातून तीन-चार वेळा. भत्ता वेगळा मिळतो, पप्पा.”

“या विमानाचे अपघात किती झालेत?”

मेव्हणा हसला. “दाजी, मिक्सर घ्यायला तुम्ही सहा दुकानं फिरला होता. आता विमानाचं पण गॅरंटी कार्ड बघणार काय?”

“मिक्सरमध्ये पोरगी बसणार नव्हती,” बायको म्हणाली. ती उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. ती एक वाक्य बोलते आणि विषय संपतो.

मी आठ दिवस मागून घेतले.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये तपासणी खात्यात आहे. चोवीस वर्षं झाली. मापात न बसणारा तुकडा बाजूला काढायचा, त्याला लाल चिठ्ठी लावायची आणि लाल रजिस्टरमध्ये लिहायचा, हे माझं काम. तेव्हा दोनशे पानी वही घेतली, कॉलम आखले: तारीख, ठिकाण, उड्डाणाचा कोणता टप्पा, माणसं किती, मेले किती, कारण. जगभरच्या अपघातांच्या याद्या इंटरनेटवर कोणालाही बघता येतात. कारखान्यातून आल्यावर चहा आणि वही, असं सहा दिवस चाललं. विमानाचं नाव मी इथे लिहीत नाही, म्हणून आकडेही लिहीत नाही. कशाचा ते माहीत नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

सहाव्या दिवशी भागाकार केला. या जातीची एकूण जितकी विमानं बनली त्या आकड्याने अपघातांच्या संख्येला भागलं होतं. आमच्या कारखान्यात हे प्रमाण निघालं असतं तर ते मशीन मी बंद करायला लावलं असतं.

वही मुलीपुढे ठेवली. तिने पेन्सिल घेतली आणि उभ्या उभ्याच खुणा करायला सुरुवात केली.

“पप्पा, हे काय? ‘हँगरचं छत वादळात पडून नुकसान.’ हे पण मोजलंत?”

“नुकसान झालं ना?”

“विमान उभं होतं. आत माणूस नव्हता. आणि हे बघा, ओढणाऱ्या ट्रॅक्टरने पंखाला धक्का. हा एक तर दोनदा आहे, दोन याद्यांमधून घेतलात.”

दोनदा लिहिल्याची मला खरंच लाज वाटली.

“आणि भागलंत कशाने? विमानांनी. एक विमान पंधरा-वीस वर्षं उडतं. उड्डाणं कुठे मोजली तुम्ही?”

“आमच्याकडे मशीनवरच काढतात.”

“तुमच्याकडे सगळी मशीन तीन शिफ्ट चालतात. इथे एखादं विमान वर्षभर झाकून ठेवलेलं असतं.”

तिचं बरोबर होतं. दोन दिवस बसून पुन्हा केलं. उड्डाणांचे तास धरले, हँगर आणि ट्रॅक्टर काढून टाकले. उत्तर इतकं लहान आलं की शून्यं मोजायला बोट ठेवावं लागलं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “मग करा सही. रोज रूळ ओलांडून जातात ती माणसं काय कमी धोक्यात आहेत?”

पण मला स्वस्थ वाटेना. कारणांच्या कॉलमात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: उतरताना, ओली धावपट्टी, विमान वेळेत थांबलं नाही. यंत्र मोडलेलं फार थोड्या वेळा. बाकीच्यांच्या अहवालात आधीचं काहीतरी निघायचं. कोणीतरी आधी पाहिलं होतं, तोंडी सांगितलं होतं, वहीत नव्हतं.

आणि वहीत नसणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत बाद झालेले तुकडे लाल रजिस्टरमध्ये चढत नाहीत. ते कोपऱ्यातल्या निळ्या क्रेटमध्ये राहतात आणि एक तारखेला लिहिले जातात, म्हणजे महिन्याचा आकडा ठरलेल्या टक्क्याच्या आत राहतो. याला फसवणूक असं कोणी म्हणत नाही. तुकडा गिऱ्हाइकाकडे जात नाही, फक्त तारीख सरकते. त्या रजिस्टरवरची सही चोवीस वर्षं माझी आहे. तेव्हा जगातल्या इतर वह्या माझ्यापेक्षा प्रामाणिक माणसांनी भरल्या असतील, हे मी कशावरून धरायचं?

पुढच्या शनिवारी आम्ही बापलेक स्कूटरवरून उल्हासनगर कॅम्प चारला निघालो. तिथे माझ्या ओळखीच्या एका सिंधी माणसाचं टायपिंगचं दुकान आहे, स्टॅम्प पेपरपासून नोटरीपर्यंत सगळं करून देतात. वाटेत सिग्नलला मी तिला निळ्या क्रेटचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होतो.

ती मागे बसली होती, चेहरा दिसत नव्हता. “तुम्ही?” एवढंच म्हणाली.

“मी. म्हणून सांगतो. सही करतो, पण एक कर. दिसलं ते लिहायचं. तोंडी सांगून मोकळं व्हायचं नाही.”

दुकानदाराने पाचशेचा स्टॅम्प पेपर पुढे केला. मी चारही पानं वाचायला बसलो तेव्हा तो वैतागला. “अरे साईं, कितना पढ़ोगे? लोग शादी का रजिस्टर भी इतना नहीं पढ़ते.”

“लड़की का मामला है.”

“तो जल्दी करो ना, लड़की खुश खड़ी है.”

ती खरंच खूश होती. मी सही केली.

एक मार्चला ती रुजू झाली. तिनेच माझ्या फोनवर विमानं दाखवणारं ॲप टाकून दिलं. विमानाचा नंबर टाकला की नकाशावर पिवळं चिन्ह सरकताना दिसतं. तिला वाटलं मला बरं वाटेल. कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दहाचा चहा, साडेबाराचं जेवण, साडेतीनचा चहा. तीन वेळा मी लॉकर उघडायचो. विमान खाली आलं की ते चिन्ह कधीकधी नाहीसं होतं, कारण लहान गावात त्याचा सिग्नल पकडणारं यंत्र नसतं. हे मला ठाऊक होतं. तरी एकदा ते अकरा मिनिटं गेलं होतं तेव्हा मी शिफ्टची घंटा झाल्यावरही लॉकरपाशी उभा राहिलो आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावावर उशिराचा शेरा लागला. सुट्टीच्या दिवशी गच्चीत कपडे वाळत घालताना वरून कोणतंही विमान गेलं की दोरी हातातच राहायची. बायको म्हणायची, “अहो, ते दुबईचं आहे. तुमची पोरगी पनवेलच्या नातेवाइकांकडे जेवायला गेलीय.”

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी दहाच्या चहाला लॉकर उघडलं तर मुलीचे तीन मिस्ड कॉल. ॲप उघडलं. आठ चाळीसला एका तालुक्याच्या गावाहून निघायचं विमान तिथेच दाखवत होतं, सकाळच्या जागेवर. मी गेटपाशी येऊन फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. चहाची दहा मिनिटं संपली तरी मी गेटपाशीच होतो. सुरक्षारक्षकाने विचारलं, “काका, घरी काही झालं का?” मी पुन्हा तिचा नंबर लावला.

पाचव्या वेळी तिने उचलला. मागे पाऊस पडत असल्याचा आवाज.

“लिहिलं, पप्पा.”

“काय लिहिलंस?”

तिने सांगितलं ते असं. चाकाच्या ब्रेकला एक छोटी पिन असते. ब्रेक दाबून धरला की ती बाहेर किती दिसते ते बघायचं. ब्रेक झिजत जातो तशी पिन आत जाते. पृष्ठभागाच्या पातळीला आली की ब्रेक बदलायचा, उड्डाण नाही. माझ्या कामात असतं तसंच, बसतं किंवा बसत नाही, मधलं काही नाही. सकाळी डाव्या चाकाची पिन तिच्या नखाला लागली नाही. तिने मुंबईला वरिष्ठ इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, “बेटा, लिखना मत. मुंबई आने दे, यहाँ देख लेंगे.” कॅप्टन चांगला माणूस. त्याने तिला समजावलं, “अगं, मुंबईची धावपट्टी केवढी लांब आहे. एक उतरणं आरामात निघेल.” प्रवाशांना लग्नाला पोचायचं होतं, ते गाडीतून उतरून छत्रीखाली उभे होते.

एकदा विमानाच्या लॉगबुकात लिहिलं की परवाना असलेल्या इंजिनिअरने सही केल्याशिवाय ते हलत नाही. आणि तो मुंबईत होता. तिने मला तीन वेळा फोन केला. मी उचलला नाही, कारण फोन लॉकरमध्ये होता. मग तिने लिहिलं.

“मी उचलला असता तर काय विचारणार होतीस?” हे मी तिला नंतर विचारलं.

“माहीत नाही. ‘नको लिहू’ असं तुमच्याकडून ऐकायचं होतं बहुतेक.”

प्रवासी रस्त्याने गेले, सहा तास. ब्रेक टेंपोने आला, दुसऱ्या दिवशी बदलला आणि विमान मुंबईत व्यवस्थित उतरलं. ते आजही उडतं. कॅप्टन म्हणाला होता तसं एक उतरणं निघालं असतंही कदाचित. मी त्याचा हिशेब करायचा प्रयत्न केला, पण तो होत नाही. जे झालं नाही त्याचा कॉलम कुठल्याच यादीत नाही.

कंपनीने तिला काढलं नाही. काढलं असतं तर आम्हाला भरावं लागलं नसतं. तिला फक्त विमान धुण्याच्या कामावर टाकलं. तिच्याकडे अनुभवाची एक वही असते. केलेलं प्रत्येक काम त्यात लिहायचं, परवानाधारकाने सही करायची, त्याच सह्यांवर पुढे तिचा स्वतःचा परवाना. त्या सह्या थांबल्या. मागितल्या की “बाद में” असं उत्तर. एक महिना असाच गेला.

ऑक्टोबरच्या तीस तारखेला मी एकोणीस बाद तुकडे त्याच तारखेने लाल रजिस्टरमध्ये लिहिले. मॅनेजरने आकडा पाहून विचारलं, “तब्येत बरी आहे ना?” मी म्हटलं, बरी आहे. ऑक्टोबरचा बोनस आमच्या खात्याला मिळाला नाही, आणि सोबतच्या दोघांनी माझ्याशी बोलणं कमी केलंय.

दिवाळीच्या आधी, तिने नोकरी सोडायचं ठरवल्यावर, मेव्हणा पुन्हा आला. “वकील करू, दाजी. एक पैसा देऊ नका. हे ब्लॅकमेल आहे.”

“वकील दोन वर्षं लावेल,” मुलगी म्हणाली. “तोपर्यंत माझी वही कोरी राहील, मामा.”

“मग काय, सुटायचे पैसे भरायचे? खरं लिहिल्याचे?”

“तुझ्या दाजींनी सांगितलं होतं तिला लिहायला,” बायको म्हणाली. “माझ्याकडे भिशीचे चाळीस हजार आहेत.”

मेव्हणा माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवली. त्याने वकिलाचा विषय सोडला. उठून खाली गेला आणि पाव घेऊन आला.

नागपूरच्या एका देखभाल केंद्रात तिला बोलावणं आलं होतं, पण आधीच्या आठ महिन्यांच्या सह्या झालेली वही हवी होती. मी तिच्याबरोबर कंपनीच्या कार्यालयात गेलो. मनुष्यबळ खात्यातली बाई नम्र होती. दोन वर्षांपैकी आठ महिने झाले, सोळा राहिले. तिच्या कागदावर एक लाख तेहेतीस हजार तीनशे चौतीस होतं.

“शेवटी तीनशे तेहेतीस रुपये आणि तेहेतीस पैसे येतात,” मी म्हटलं.

“सर, आम्ही राउंड करतो.”

“करारात राउंड करायचं लिहिलेलं नाही. आणि आधी वही.”

तिने आत फोन केला. वीस मिनिटांनी त्याच वरिष्ठ इंजिनिअरने वही आणून दिली. त्याने मुलीकडे पाहिलं नाही. मी एकेक पान उलटून सह्या मोजल्या. सत्तावीस पानं, सगळी भरलेली. मंगळवारच्या त्या ब्रेकची नोंदही होती, त्याखालीही त्याची सही होती. मग तिथेच बसून फोनवरून पैसे पाठवले: एक लाख तेहेतीस हजार तीनशे तेहेतीस रुपये तेहेतीस पैसे. त्यातले चाळीस हजार बायकोचे, बाकीचे माझ्या बचत खात्यातले. पैसे कंपनीच्या खात्यात पोचल्याचं बाईने सांगितलं. पावती मुलीच्या नावाने मागून घेतली.