पोचलेली पहिली बाई

विमानतळावर सामान तोलून बोर्डिंग पास देणाऱ्या खिडकीत ती बावीस वर्षं बसतेय. सगळे तिला चिठ्ठीबाई म्हणतात, कारण समोर पोटुशी बाई दिसली की तिचा हात पुढे येतो, डॉक्टरांची चिठ्ठी मागायला. कुणी सैल कोटात पोट लपवून आली, तरी बॅग उचलायच्या पद्धतीवरून बाई महिना ओळखते. मात्र चिठ्ठी ठीक असली, की घाबरलेल्या पोरीला धीरही तीच देते. तब्येत ठणठणीत आहे, पोटात एकच बाळ आहे, डॉक्टर हो म्हणालेत, मग कशाला घाबरायचं? पट्टा पोटाखालून बांध, मधून मधून चाल, पाणी पी. वर कडेची जागा देऊन टाकते.

अशी ही बाई स्वतःच्या लेकीचा फोन आला तेव्हा पार गळाठली. जावई जहाजावर, चार महिने परतायचा नाही. परक्या शहरात लेक एकटी, एकतिसावा आठवडा लागलेला. आत्ता विमानाने आईकडे यायचं, नाहीतर बाळंतपण एकटीनं निभवायचं. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. चिठ्ठीबाईने मात्र नन्नाचा पाढा लावला. उंचावरची हवा, धक्के, अडीच तास बसणं, कारणांना तोटा नव्हता.

लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, खिडकीवरच्या बायकांना तू खोटं सांगतेस का गं?"

खोटं ती कधीच बोलली नव्हती. पण बावीस वर्षांत तिने फक्त निघालेल्या बायका पाहिल्या होत्या, पोचलेली एकही नाही. आपली भीती कुठे दडून बसलीये ते तिला आत्ता कळलं.

"ये," ती म्हणाली. "पण पट्टा पोटाखालून."

त्या दिवशी रजा काढून ती पहिल्यांदाच येणाऱ्यांच्या दारापाशी उभी राहिली. विमान वीस मिनिटं उशिरा. खिडकीतला सोबती येऊन चिडवून गेला, तेही तिच्या कानात शिरलं नाही.

दार सरकलं आणि लेक आली, बदकासारखी डुलत, पाय थोडे सुजलेले, चेहरा हसरा. तिने पर्समधून चिठ्ठी काढून आईपुढे धरली. बाईचा हात सवयीने पुढे झाला, पण चिठ्ठी तशीच राहिली. हात सरळ लेकीच्या पोटावर गेला. आतून सणसणीत लाथ बसली, आणि बाई सगळ्यांदेखत रडली.

दुसऱ्या दिवशी खिडकीत एक भेदरलेली पोर आली. बाईने चिठ्ठी तपासली, कडेची जागा दिली.

"जा बिनधास्त," ती म्हणाली. "पोचतात गं. मी डोळ्यांनी पाहिलंय."