घरगाडीची पहिली चक्कर

कालपासून ‘नवी गाडी कशी आहे’ विचारणाऱ्या सगळ्यांसाठी.

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग आणि ओटा बसवून केलेली आमची घरगाडी काल नवागामला आमच्या गल्लीत आली. आज सकाळपासून मी आणि बायको तिच्या बारीकसारीक कुरबुरी निस्तरत होतो. ठिबकणाऱ्या नळाला मी नवा वायसर लावला. सारखा उघडणारा ड्रॉवर बायकोने साडीच्या लेसने बांधून टाकला.

आई गाडीच्या दारातच उभी होती. “चपला बाहेर काढ, हाई घर शे.” अहिराणीत बजावलं की आमच्याकडे कोणी वाद घालत नाही.

दुपारी आम्ही तिघं चक्कर मारायला निघालो. इच्छापोरपर्यंत नळ ठिबकला नाही, ड्रॉवर हलला नाही. मी फुशारून चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली आणि दार उघडलं. खाली तापलेलं डांबर, आणि तिघांच्याही पायात चपला नाहीत.

तेवढ्यात शेजारच्या हंसाबेनचा फोन. “भाई, चपला इथे गल्लीत पडल्यात. घर कुठे गेलं?”

मी चिडून आईकडे पाहिलं. ती पलंगावर मांडी घालून निवांत. “घरमा कोन चपला घालस?”

शेवटी चहा आतच मागवला. चहावाला कप घेऊन आला आणि कोणी न सांगता त्याने चपला खाली काढल्या.