साक्ष परत घेतली ती संध्याकाळ

आईची साखर तपासायच्या मशीनवर त्या दिवशी आकडाच आला नाही, नुसतं 'हाय' असं उमटलं. साखर मोजण्यापलीकडे गेली की ते मशीन असे हात टेकतं. सकाळपासून ती घटाघटा पाणी पीत होती. मी फ्रिज उघडला, तर इन्सुलिनचं पेन जसंच्या तसं भरलेलं.

"बंद केलंस?"

"प्रभूनं बरं केलंय मला," आई म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते.

माझं डोकंच फिरलं. हे कुठून आलं ते मला लगेच कळलं. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी नगरकडून बडोद्याला आले, तेव्हापासून आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची घरोघरची प्रार्थनासभा चालत आलेली. शेवटी साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं, ही रीत. हल्ली सुभानपुऱ्यातल्या सभेला सुरतेहून एक प्रचारक येऊ लागला होता. गळा गोड, बोलणं त्याहून गोड. त्यानं ही रीतच उलटी केली. म्हणे, साक्ष आधी द्या, बरं होणं मागून येईल. आणि साक्ष दिल्यावर औषध घेतलंत, तर प्रभूला खोटं पाडलंत! आई भर सभेत 'मी बरी झाले' म्हणून बसली होती. दिलेला शब्द जन्मात कधी न फिरवलेली बाई ती. तिला अडकवायला याहून पक्का फास नव्हता.

"चल दवाखान्यात."

"नाही. सगळ्यांसमोर बोललेय मी."

"शुभवर्तमान लिहिणाऱ्यांत एक वैद्य होता, हे संडेस्कूलमध्ये तूच शिकवलंस ना आम्हाला?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? उभी राहिलीस तेव्हा तुला बरं वाटत होतं का, आई?"

"नाही. तळपाय जळत होते. ते म्हणाले, असं बोला. मी बोलले."

"मग ही साक्ष झाली?"

आईचा चेहरा उतरला. मला तिची दया आली आणि त्या माणसाचा संताप. मी पेन उचललं, तर तिनं माझा हात धरला. "आधी ती परत घ्यायची. जिथं दिली तिथंच. आज सभा आहे."

मी ओरडले, रडले, पण ती हटेना. शेवटी पेन पर्समध्ये टाकलं आणि तिला रिक्षात बसवलं. रिक्षावाल्याला सांगितलं, खाली थांबायचं, तिथून सरळ दवाखान्यात जायचंय. गोरव्यातल्या आमच्या घरून सुभानपुरा ते काय लांब! पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल माझ्या जिवावर उठला होता. आईचं डोकं माझ्या खांद्यावर जड होत चाललं होतं.

सभेत गीत संपलं आणि ती भिंतीला धरून उभी राहिली. "मला साक्ष द्यायचीय." प्रचारकानं हालेलूया म्हणून कौतुकानं हात पुढे केला.

"मागं मी दिली ती साक्ष खोटी होती. मी बरी झालेली नाही."

"बा, हे सैतान बोलतोय. शांती राखा ने," तो आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला आणि त्यानं खंजिरीवाल्याला खूण केली. दुसरं गीत सुरू झालं. टाळ्यांचा दणका उडाला. आई काही बसली नाही. मी तिला कंबरेत धरून होते आणि प्रत्येक कडव्यागणिक माझी भीती वाढत होती. ही आता पडते की मग पडते!

गीत एकदाचं संपलं.

"सैतान नाही, मीच बोलतेय," ती म्हणाली. "देवाचं नाव घेऊन खोटं बोलले. त्याची क्षमा देवाजवळ मागितलीय. औषधाची मागणार नाही." मग माझ्याकडे वळली. "दे."

तिथंच, पदराच्या आडोशानं, मी तिला सुई टोचली. प्रचारक पवित्र शास्त्राची पानं उलटत राहिला, पण त्याला हवं ते पान सापडेना.

ज्यांच्या घरी सभा होती त्या बाई आईसाठी पाणी घेऊन आल्या. आई दोन घोट प्यायली. उरलेलं पाणी बाईंनी परत घेतलं, मुठीतली प्रेशरची गोळी तोंडात टाकली आणि पेला रिकामा केला.

"मीसुद्धा साक्ष दिली होती," त्या आईला म्हणाल्या.