रोहनच्या शेजारची जागा

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो, तेव्हा रोहनच्या आईचा, काकूंचा फोन आला. "प्रकाश, रोहन गेला. सकाळीच. मी जवळ होते," एवढं बोलून त्या थांबल्या. मागे कुणीतरी भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "सावकाश ड्राइव्ह करत ये. घाई करण्यासारखं आता काही उरलं नाही." मी इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिलो... त्याला आता काही आठवडे झाले.

इथल्या मराठी मंडळात रोहनची ओळख 'डॉक्टर सबनीसबाईंचा तो खेळणारा मुलगा' एवढीच होती. तो आधी कॉलेजकडून आणि नंतर बरीच वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळला. डावखुरा पिचर. पिचर म्हणजे आपल्या गोलंदाजासारखा चेंडू टाकणारा, फक्त तो लांबून धावत येत नाही, मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून टाकतो. जेवताना तरी उजवा हात वापरावा म्हणून काकू लहानपणी त्याच्या मागे लागल्या होत्या. त्यामुळे रोहन पोळी उजव्या हाताने तोडायचा आणि बाकी सगळं डाव्या हाताने करायचा.

मी वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. एमएस करायला टेक्सासमधल्या विद्यापीठात आलो आणि तिथे खेळाडूंना गणित शिकवायचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी टेबलापलीकडे एक उंच मुलगा खांद्याला बर्फाची पिशवी बांधून येऊन बसला. आडनाव वाचून मी विचारलं, "मराठी येतं का?" तो म्हणाला, "येतं. आई रागावलेली असली की जास्त चांगलं येतं." त्याच शनिवारी त्याने मला गाडीत घातलं आणि डॅलसजवळच्या त्याच्या घरी जेवायला नेलं. रोहनचे वडील तेव्हा नुकतेच गेले होते. काकू लहान मुलांच्या डॉक्टर, हॉस्पिटलमधून थकून आलेल्या, तरी उभ्या राहून त्यांनी आम्हाला गरम पोळ्या वाढल्या. पुढे माझ्या पदवीदानाला आईबाबा येऊ शकत नव्हते, तेव्हा पैठणी नेसून काकू आल्या आणि माझ्या माणसांसाठी राखलेल्या खुर्चीत बसल्या. त्या दिवसाचा फोटो त्यांनीच पोस्टाने रिसोडला पाठवला. तो आमच्या बैठकीत अजून आहे.

रोहनच्या शेवटच्या वर्षातला एक सामना मला सांगायलाच हवा. पाण्याचे कॅन उचलायला माणूस कमी होता, म्हणून कोचने मला डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडू बसतात त्या बाकापाशी, थांबवून घेतलं होतं. सामना निम्म्याच्या पुढे गेला तरी समोरच्या संघातल्या एकालाही रोहनचा चेंडू धड मारता आला नव्हता. अख्खा सामना असा गेला तर ते पिचरचं मोठं भाग्य मानतात. त्याचा एक अलिखित नियम असतो, तो मला कुणी सांगितला नव्हता. असं चालू असताना त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. पिचरशी बोलायचं नाही, त्याच्या जवळसुद्धा बसायचं नाही. आपल्याकडे बाळाला गुटगुटीत म्हणत नाहीत ना, तसंच. मला दिसलं ते एवढंच की रोहन बाकाच्या एका टोकाला एकटा बसलाय आणि बाकीचे सगळे दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने. माणसाला वेगळं बसवण्याचा अर्थ मला गावाकडून माहीत होता. माझ्या मनात नको ते आलं. मी पाण्याचा पेला घेऊन गेलो आणि सरळ त्याच्या शेजारी बसलो. "काय झालं रे? कुणी काही बोललं का? एवढं छान टाकतोयस, एकालाही मारता आलेलं नाही." मराठीत बोललो असतो तर कदाचित निभावलं असतं, पण शेवटचं वाक्य मी सगळ्यांनी ऐकावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत बोललो. बाक गार पडला. रोहनचे चेंडू झेलणारा कॅचर वेस याने टोपी तोंडावर ओढून घेतली. रोहन क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग इतका हसला की त्याच्या हातातलं पाणी सांडलं.

पुढच्याच इनिंगमध्ये फटका बसला. सामना जिंकला, पण ते भाग्य गेलं. काकू त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होत्या, त्यांना सगळं फोनवरून कळलं. त्यानंतर मी घरी गेलो की दारातच म्हणायच्या, "आली आमची पनवती. चहा घे, पण चांगला झालाय म्हणू नकोस, नासेल."

कॉलेजनंतर एका व्यावसायिक संघाने त्याला घेतलं. ओक्लाहोमा, आयोवा, न्यू मेक्सिको... रात्रंदिवस बसने फिरणं, गावागावात अर्ध्या भरलेल्या मैदानांवर खेळणं. गणपतीच्या जेवणात कुणीतरी काकूंना हटकून विचारायचं, "अजून बसमधूनच फिरतोय का? आमचा समीर डॉक्टर होऊन हॉस्पिटलात रेसिडेन्सीला लागला." काकू भात कालवत म्हणायच्या, "हो, बसमधूनच. त्याला विमान लागतं." रोहन सगळ्यात वरच्या पायरीच्या एक पायरी खाली पोचला. तिथे त्याने चांगल्या चांगल्यांना चकवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग खांदा गेला. ऑपरेशन झालं, पण चेंडूचा वेग परत आला नाही. एका वसंतात संघाने त्याला सोडलं, तेव्हा फोनवर म्हणाला, "मला जाऊ दिलं, यार. पण नीट वागले." तक्रार एवढीच. नंतर तो शाळेतल्या मुलांना शिकवायला लागला, आणि त्या कामात मला तो जास्त शांत वाटला.

गेल्या उन्हाळ्यात पोटात दुखायचं निमित्त झालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. लग्न केलेलं नव्हतं, म्हणून तो काकूंकडे, आपल्या जुन्या खोलीत राहायला आला. काकूंनी रिपोर्ट एकदाच वाचला आणि कपाटात ठेवून दिला. भेटायला येणाऱ्याला त्या दारातच सांगायच्या, "आत विषय काढायचा नाही. त्याचं मन खचायला नको." आम्ही सगळ्यांनी ते पाळलं. रोहनच्या खोलीत दाराजवळच उभं राहून माणसं गारपिटीने फुटलेल्या छपरांबद्दल आणि प्रॉपर्टी टॅक्सबद्दल बोलायची आणि निघून जायची. मीही तेच करत होतो.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी काकू औषधं आणायला गेल्या होत्या. रोहन म्हणाला, "इकडे येऊन बस. तो बाक आठवतो ना?"

"आठवतो. तुझी आई विसरू देते का?"

"आत्ता तसंच चाललंय बघ. सगळे पलीकडच्या टोकाला." श्वास घ्यायला तो थांबला. "आणि तो फटका तुझ्यामुळे नाही बसला. माझाच चेंडू वर राहिला, मारायला सोपा. मी दमलो होतो, हात भरून आला होता आणि ते सांगायला जवळ कुणी नव्हतं. तू एकटा येऊन बसलास." मग म्हणाला, "आईशी बोलायचंय मला. मी सुरू केलं की ती सूप आणायला उठते. तू सांग ना तिला. माझ्याकडे फार टाइम नाही, यार."

मला ते सोपं नव्हतं. ज्या बाईने परक्या देशात मला आईची माया दिली, तिचा या घरातला एकच नियम मोडायचा होता. काकू परत आल्यावर स्वयंपाकघरात गेलो. त्या दुधी चिरत होत्या. रोहन जे बोलला ते मी तसंच्या तसं सांगितलं. सुरी थांबली.

"म्हणजे तू परत तोंड उघडणार."

"हो काकू."

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या आयांना हेच सांगत आले मी. खुर्ची ओढून, त्यांच्या डोळ्यांत बघून. सगळं येतं मला ते." त्यांनी सुरी पुन्हा उचलली. "आता तू जा घरी."

त्या घराचं दार आपल्याला बंद झालं, असं समजून मी निघालो.

पुढच्या मंगळवारी भीत भीत गेलो, तर जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची रोहनच्या पलंगाला टेकून ठेवलेली होती. काकू स्वयंपाकघरात गेल्यावर रोहनने सांगितलं, "तिने विचारलं, घाबरतोस का रे? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मीपण. मग आम्ही दोघं खूप बोललो." पुढचे महिने त्या खोलीत सगळं बोललं गेलं. वेदनांवरचं औषध किती वाढवून घ्यायचं, अस्थी कुठे सोडायच्या, शाळेतल्या मुलांना कुणी कळवायचं... बाबा गेले त्या दिवशी तू मला त्यांच्याजवळ का येऊ दिलं नाहीस, हेसुद्धा त्याने विचारलं, आणि काकूंनी उत्तर दिलं.

ती खुर्ची अजून तिथेच आहे. आता भेटायला येणाऱ्याला काकू तिच्यावर बसवतात, स्वतः पलंगावर बसतात. कुणी छपरांबद्दल बोलायला लागलं तर म्हणतात, "ते राहू दे. त्याच्याबद्दल सांग." मी दर मंगळवारी जातो, पण मी पाहिलेले सामने सांगून संपले. म्हणून त्याच्या जुन्या सोबत्यांना शोधून फोन करायला लागलो. गेल्या आठवड्यात ओक्लाहोमाहून वेस आला. अंगाने सुटलेला, दोन्ही गुडघे बदललेला. खुर्चीत जरा अवघडून बसला, मग बोलता बोलता रोहनचा चेंडू कसा यायचा हे दाखवायला दुखऱ्या गुडघ्यांनिशी कार्पेटवर उकिडवा बसला. मांडीआड एक बोट धरलं तर सरळ वेगाचा चेंडू, दोन बोटं धरली तर वळणारा. कुठला टाकायचा हे कॅचरने असं खुणेने सुचवायचं असतं. काकूंनी आपली सांध्यांत वाकलेली दोन बोटं गुडघ्याशी धरून पाहिली आणि इंग्रजीत विचारलं, "आणि त्याला तो टाकायचा नसला तर?"

"मान हलवायचा. नाही म्हणायचा," वेस म्हणाला. "फार वेळा नाही म्हणायचा, मॅम."

"ते मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. बोटं त्यांनी तशीच धरून ठेवली होती. खालून वेस वर बघत होता, आणि कुणालाच उठायची घाई नव्हती.