कांद्याचे पोहे

माझ्या सासूबाई निवृत्त नर्स. आमच्या ख्रिस्ती घरात जेवणाआधीची प्रार्थना त्याच म्हणत, आणि ती इतकी लांबत जाई की आमटीवर साय धरायची. मी डोळे मिटून मनातल्या मनात चडफडत असे. लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी माझी ती सवय गेली नव्हती.

कृष्णेला पूर आला त्या वर्षी त्यांनी नदीकाठच्या एका जैन आजींना आमच्या विश्रामबागेतल्या घरी आणलं. कधीकाळी त्यांच्या पायाच्या जखमेची मलमपट्टी सासूबाईंनी केली होती, तेवढीच ओळख. आजींचा मुलगा लोणंदला कांद्याचा व्यापारी, आणि आई कांद्याला हात लावणार नाही! रस्ते बंद असल्याने तो तिकडेच अडकलेला.

आजी आल्या त्या दुपारी मी कौतुकाने पोहे केले. ताटलीत कांदा पाहून त्या नुसत्या हसल्या. म्हणाल्या, "भूक न्हाई बाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग रागही आला. कांदा नको तर तसं सांगावं की!

सासूबाईंना वेगळाच घोर लागला होता. आजींना इन्सुलिन लागायचं. सोबतचे राजगिऱ्याचे लाडू सकाळीच संपले होते, बाजार बंद, घरात एक केळंसुद्धा नाही. उपाशीपोटी इंजेक्शन देता येईना, न देऊनही चालेना. आणि दिवस मावळला की आजी पाणीदेखील घेणार नव्हत्या. मी म्हटलं, बिनकांद्याचं करते. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, ज्या भांड्यात आपण मटण शिजवतो त्यातलं कसं चालंल त्यास्नी?"

मग त्यांनी फ्रीजरमधलं मटण शेजारी पाठवलं. ओटा तीनदा धुतला. माळ्यावरून माझ्या माहेरचा भांड्यांचा संच काढला. तो मी एकदाही न वापरता जपून ठेवला होता, म्हणून मी तोंड फुगवून उभी राहिले. आजींना पाणी गाळूनच लागायचं, त्यासाठी कोरं कापड हवं होतं. ईस्टरच्या प्रभुभोजनाला नेसायची म्हणून घेतलेली नवी पांढरी सुती साडी त्यांनी कपाटातून काढली आणि कात्री लावली. तेव्हा मात्र माझा फुगा फुटला.

"आक्का," त्या आजींना म्हणाल्या, "आजपासनं ह्यो ओटा तुमचा. तुमी रांधा, आमी तुमच्या हातचं खातो."

"तुमच्या घरात मी चूल मांडू व्हय?"

"आमास्नी बी भूक लागलीय आक्का."

आजी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी मुगाचं वरण, भात केला. मी फक्त मागतील ते हातात देत होते. आमच्याच घरात आम्ही पाहुण्यांसारखे ताटं घेऊन बसलो. दिवस मावळायला पंधरा मिनिटं उरली असतील. सासूबाईंनी आजींना इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "खावा आता." आजींना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्या दिवशी प्रार्थना मनातच ठेवायची, असं त्यांनी ठरवलं असावं.

आजींनी घास उचलला आणि पुन्हा ताटात ठेवला.

"आवं, तुमची प्रार्थना ऱ्हायली की."

"ऱ्हाऊ द्या आक्का. दिवस मावळंल."

"म्हणा. तवर मी थांबते."

सकाळपासून उपाशी, वर इंजेक्शन घेतलेलं, आणि ही बाई आमच्या देवासाठी थांबली होती. मी घड्याळाकडे बघितलं. सासूबाईंनी हात जोडले. "प्रभू, आक्कांच्या हातच्या अन्नाबद्दल तुझे उपकार. आमेन."

बारा वर्षांत त्यांनी म्हटलेली ती सगळ्यात छोटी प्रार्थना. मी पहिल्यांदाच मोठ्याने आमेन म्हणाले. मग आजी जेवल्या.