दिगूचा ओके

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, तेव्हा मी पेढा खाऊन मोकळा होतो. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचूनही बऱ्याचदा हसलोय, खोटं कशाला बोलू... पण हा माझ्या घरातला आहे. आणि या निमित्ताने आमच्या पोरीचं जरा कौतुकही करून घेणार आहे, तेवढं चालवून घ्या.

पोरगी म्हणजे ऋतुजा, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. दिगू आणि मी उदगीरकडून एकाच एसटीने आलो आणि भोसरीत एकाच प्रेस शॉपला लागलो. तो पुढे सेटर झाला. म्हणजे पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये डायचा साचा बसवायचा, पहिला पीस काढून तपासायचा, आणि बरोबर असेल तरच ऑपरेटरला काम चालू करू द्यायचं. ऋतुजा नीट चालायलाही लागली नव्हती, तेव्हा काविळीने गेला. तेव्हापासून ती आणि तिची आई वैशाली आमच्याकडेच, मोशीत. मला ती मोठे पप्पा म्हणते.

बारावीनंतर ॲनिमेशनला जाते म्हणाली, तेव्हा नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. "कार्टून काढून पोट भरतंय का?" मी म्हटलं, "नाही भरलं तर तुमच्याकडं जेवायला पाठवतो, काय म्हणता?"

शेवटच्या वर्षाला तिने प्रोजेक्टसाठी फिल्म घेतली ती बापावर. प्रेस शॉपमधला एक माणूस आणि त्याची एक शिफ्ट. तिच्याजवळ दिगूचा लग्नातला फोटो आणि कंपनीचं आयकार्ड, बाकी काही नाही. चालायचा कसा, हे ती मला खोदून खोदून विचारायची. मग एक दिवस तिने लॅपटॉपवर त्याला चालवून दाखवलं... डावा खांदा जरा खाली, पाऊल घाईचं. वैशाली पीठ मळत होती, ती तशाच हाताने येऊन खाली बसली. मी तर तेव्हाच गावभर सांगून आलो की आमची पोरगी कलाकार आहे!

पण शेवट काही जमेना. शेवटच्या शॉटमध्ये दिगू काम संपवून आपल्याकडे वळतो आणि नुसता बघत उभा राहतो.

"मोठे पप्पा, तो वळतो, पण त्याच्या मनात काय आहे तेच मला माहीत नाही," ती म्हणाली. "पप्पांना हे आवडलं असतं का?"

"आवडलं असतं की गं."

"हे तुम्ही बोलताय. त्यांचं काय?"

तिने मनाशी पक्कं केलं होतं, शेवट जमला नाही तर फिल्म द्यायचीच नाही. वर्ष गेलं तर गेलं. हट्टी आहे, बापासारखीच.

त्या गुरुवारची दुपार. आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, आणि लाइटही गुरुवारीच जाते. तिचं रेंडरिंग चालू होतं. म्हणजे कॉम्प्युटर एकेक चित्र तयार करत फिल्म बनवत होता. मध्येच लाइट गेली. ते बॅटरीवर कसंबसं पूर्ण झालं. ती बघायला बसली आणि ओरडली, "शी! शेवटी हात बिघडलाय. मी त्याला हालचालच दिलेली नाही, तरी हलतोय. डिलीट करते."

मी चहा घेऊन मागे उभा होतो. म्हटलं, "थांब. हात लावू नकोस. परत दाखव."

दिगू वळला. डाव्या कोपराने कपाळ पुसलं. मग उजवी मूठ त्याच कोपराखाली दोनदा टेकवली.

प्रेस शॉपच्या धडधडाटात शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही, सगळं खुणांवर चालतं. बाकीचे सेटर अंगठा दाखवायचे. दिगूचे हात कायम तेलाने माखलेले, म्हणून त्याची ही स्वतःची खूण. पीस पास, लॉट सुटू दे! भोसरीत दुसरा कुणी ही खूण करताना मी पाहिला नाही. वैशालीला विचारलं, तिला माहीतच नव्हती. बायका कुठे शॉपमध्ये यायच्या? मी कधी ऋतुजाला करून दाखवली असेल का, तर नाही. माझ्याच डोक्यातून ती गेली होती.

मी तिला अर्थ सांगितला आणि सरळ गॅलरीत जाऊन रडलो.

थोड्या वेळाने ती मागे आली. "म्हणजे... पप्पांनी पास केलं?"

"मला काही माहीत नाही बेटा. खूण दिगूची आहे, एवढं मी सांगतो."

तिने पुन्हा रेंडर करून पाहिलं, दोनदा. दोन्ही वेळा दिगू नुसता उभा. तिने तो पहिलाच शॉट ठेवला आणि फिल्म दिली.

चिंचवडला कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या. मी मुद्दाम शिंगाडे आणि बागवान, दिगूच्या हाताखालचे जुने ऑपरेटर, यांना घेऊन गेलो आणि त्यांना काहीही सांगितलं नाही. शेवटचा शॉट आला, तेव्हा मी पडद्याकडे न बघता त्या दोघांकडे बघत होतो. दोघांनीही दोन्ही हात वर केले. एकमेकांकडे न बघता! मागच्या पोरांना वाटलं, म्हातारे आळस देतायत. मग माझ्या लक्षात आलं, माझेही हात वरच होते.

तो हात तसाच का हलला, आणि एकदाच का, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तिच्या सरांनी फाइल उघडून पाहिली, त्या जागी हाताला खरंच काही हालचाल दिलेली नव्हती. कुणाला काही कळलं तर जरूर लिहा. सर तिला एवढंच म्हणाले की वर्गातला हा सगळ्यात चांगला शेवट आहे. ते वाक्य मी चाकणपर्यंत सांगत फिरलो.

फिल्म संपल्यावर बाहेर आवारात ऋतुजाने शिंगाड्यांना गाठलं. "काका, तुम्ही हात का वर केले?"

शिंगाडे रुमालाने नाक पुसत म्हणाले, "आगं, सेटरनं ओके दिला की हात दाखवायचे आस्त्यात. डायच्या भायेर हायेत म्हून. त्याबिगर प्रेस चालू करायची न्हाई. दिगूनं ओके दिला, मग आमी दाखवले."

तिथेच, सगळ्यांसमोर, ऋतुजाने आपले दोन्ही हात वर केले.